लाखाच्या घरातले क्लोज्ड-बॅक हेडफोन: कोकणात राहून घ्यावेत की नाही, हे ठरवायचं कसं

लाख-दीड लाखाचे हेडफोन पहिल्यांदाच घेणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा दोन ठिकाणी बुडतात. एक म्हणजे डोक्यावर नीट न बसणारा जोड कंपनीच्या नावावर घेतला जातो. दुसरं म्हणजे दोन पावसाळ्यांनंतर त्या जोडाचं काय होणार याचा विचारच होत नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानात वातानुकूलित खोलीत ऐकलेला हेडफोन आणि मालवण-गुहागरच्या घरात आषाढात कपाटात पडलेला हेडफोन, यांचं आयुष्य सारखं नसतं. म्हणून हा लेख खास किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. पायऱ्या क्रमानेच घ्या. पहिल्या पायरीवरच उत्तर ‘नको’ आलं, तर पुढचं वाचायचे कष्टही वाचतील आणि पैसेही.

1. क्लोज्ड-बॅक लागतोच का?

क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याचा कप मागून पूर्ण बंद असतो तो. बाहेरचा आवाज आत कमी येतो, आतला बाहेर कमी जातो. ओपन-बॅकच्या कपाला मागे जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा आणि हलका वाटतो, पण शेजारी बसलेल्यालाही गाणं ऐकू जातं.

बंद कपाने बाहेरचा आवाज किती अडतो, हे तो आवाज कसला आहे यावर ठरतं. रातकिड्यांची किरकिर, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा वरचा तडतडाट, स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे साधारण 1,000 हर्ट्झच्या (सेकंदाला 1,000 कंपनांच्या) वरचं सगळं, चांगल्या पॅडमागे, म्हणजे कपाच्या कडेच्या मऊ गादीमागे, बरंच दबतं. जनरेटरची घरघर, एसटीचं इंजिन, रेल्वेच्या डब्याची धडधड हे 200 हर्ट्झच्या खालचं प्रकरण आहे. ते नुसत्या बंद कपाने जवळपास अडतच नाही. मांडवी एक्स्प्रेसने महिन्यातून चार फेऱ्या होत असतील आणि तिथेच ऐकायचं असेल, तर महागडा वायरवाला जोड कामाचा नाही. तिथे नॉइज कॅन्सलिंगचा, म्हणजे बाहेरची घरघर उलट्या लहरीने दाबणारा, ब्लूटूथ हेडफोन घ्या, तो या पैशांच्या एका तुकड्यात येतो.

घर वाडीत रस्त्यापासून आत असेल, रात्री खोली तुमची एकट्याची असेल, तर ओपन-बॅक आधी ऐकून बघा. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 पासून बाजारात आहे आणि आजही मिळतो. लाखाच्या खूप खालच्या किमतीत त्याच्याइतका स्वाभाविक गळा ऐकवणारे बंद हेडफोन फार थोडे आहेत.

भजन, कीर्तन किंवा दशावतारातली पदं घरी रेकॉर्ड करायची असतील, तर मात्र क्लोज्ड-बॅकच हवा, नाहीतर हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरतो. त्या कामासाठी सोनी एमडीआर-7506, बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम50एक्स पुरेसे आहेत. जगभरच्या स्टुडिओंत हेच घासले जातात.

मग लाखाचा जोड कुणासाठी? घरात माणसं आहेत, डोक्यावर पंखा आहे, बाहेर पाऊस आहे, आणि तरीही दोन-दोन तास बसून मन लावून ऐकायचंय, अशा माणसासाठी. तुम्ही त्यात बसत असाल तर पुढे चला.

2. पैसे नेमके कशाला पडतात

बंद हेडफोनचं मूळ दुखणं एकच. ड्रायव्हरचा, म्हणजे आत आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा जितका आवाज कानाकडे ढकलतो तितकाच मागेही ढकलतो. मागे भिंत आहे, म्हणून तो परत फिरतो आणि थोड्या उशिराने पडद्यावर आदळतो. विहिरीत वाकून बोललं की आपलाच आवाज घुमून वर येतो, तसंच. त्यामुळे काही स्वर फुगतात, काही बसतात. महाग कंपन्यांची अर्धी मेहनत या घुमण्यावर इलाज शोधण्यात जाते.

सेनहायझरने एचडी 820 (2018) मध्ये ड्रायव्हरच्या मागे वक्र काच बसवली, म्हणजे मागचा आवाज सरळ परत न येता बाजूच्या शोषक पोकळ्यांकडे वळावा. डॅन क्लार्क ऑडिओने स्टेल्थ (2021) मध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्यांची एक चकती ठेवली, ती वरच्या पट्टीतले घुमारे खाते. फोकलचा स्टेलिया (2019) बेरिलियम धातूचा 40 मिलिमीटर पडदा वापरतो. हलका आणि ताठ, म्हणून तो वाकडातिकडा हलत नाही. सोनीच्या एमडीआर-झेड1आर (2016) मध्ये तब्बल 70 मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. डेनॉनच्या एएच-डी9200 चे कप जपानमधल्या कोचीच्या बांबूचे आहेत. स्टेलिया बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 2,999 डॉलर होती, स्टेल्थची 3,999.

ही कारागिरी खरी आहे. पण ‘महाग म्हणजे सूर बरोबर’ हे गृहीत धरू नका. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं किमतीशी लावून पाहिली. कुठला स्वर किती जोरात वाजतो आणि किंमत किती, यांत त्याला संबंध सापडला नाही. म्हणजे स्वरांचा समतोल स्वस्तातही मिळू शकतो आणि महागातही बिघडलेला असू शकतो. जास्तीचे पैसे पडतात ते घुमारा आटोक्यात ठेवण्याला, तासन्‌तास न टोचणाऱ्या पॅडला, कमी विकृतीला (मूळ गाण्यात नसलेली भर म्हणजे विकृती), सुट्या भागांनी दुरुस्त होणाऱ्या बांधणीला, आणि दिसण्याला. दिसण्याला पैसे देण्यात काही चूक नाही, फक्त किती दिले ते माहीत असावं.

3. जमवायचं सामान

- ओळखीचा एक साधा जोड, 10 ते 20 हजारांतला. हा तुमचा मापदंड.
- फोन किंवा लॅपटॉप, त्यावर इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करायची सोय. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ.
- टोन जनरेटर (ठरावीक कंपनसंख्येचा सूर वाजवणारं) आणि आवाज मोजणारं अ‍ॅप.
- जाड पुठ्ठा, 20 बाय 20 सेंटिमीटर.
- तुमचा रोजचा चष्मा. ऐकायला जाताना घरी विसरू नका.
- डिजिटल आर्द्रतामापक, तीन-चारशे रुपयांचा.
- रबरी कडेचा हवाबंद डबा आणि 200 ग्रॅम सिलिका जेल.
- वही. अ‍ॅपमध्ये टिपलेलं नंतर कुणी वाचत नाही, वहीतलं वाचलं जातं.

4. साध्या जोडाचा पूर्ण कस काढा

ही पायरी गाळणारे सगळ्यात जास्त पस्तावतात. साधा जोड घ्या, इक्वलायझरमध्ये त्या मॉडेलची दुरुस्ती लावा (वेव्हलेटमध्ये ती मॉडेलच्या नावाने तयार मिळते) आणि तीन आठवडे तोच वापरा. बहुतेक जोडांना दोन बदल पुरतात: 5 ते 9 हजार हर्ट्झमधली बोचरी टोकं 3-4 डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) खाली, आणि खर्ज जास्त असेल तर 100 हर्ट्झच्या खाली 2-3 डीबी कमी. काहीही वर उचलाल तर तितकाच एकूण आवाज आधी खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो.

तीन आठवड्यांनंतर वहीत लिहा: अजून काय खटकतं? बोलांतला ‘स’ टोचतो, खर्ज कमी पडतो अशी उत्तरं आली, तर ती इक्वलायझरची कामं आहेत. कान दुखतात, तबला आणि तानपुरा एकमेकांत मिसळतात, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, अशी आली, तर ती हेडफोनची कामं. दुसऱ्या यादीसाठीच जास्तीचे पैसे द्यायचे.

5. तुमच्या फोनला तो जोड झेपेल का?

इथे थोडं गणित आहे, पण एकदा समजलं की दुकानदारावर अवलंबून राहावं लागत नाही.

गाण्यातल्या सर्वांत जोरदार क्षणाला 110 डीबीपर्यंत पोचण्याची ताकद असावी. सरासरी आवाज याच्या खूप खाली ठेवायचा असतो, हे फक्त शिखरासाठी. साधा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला हेडफोनची पिन जोडायचा छोटा तुकडा, साधारण 1 व्होल्ट देतो.

पहिलं उदाहरण: 38 ओहम (हेडफोनचा विजेला होणारा रोध, म्हणजे इम्पिडन्स), 99 डीबी प्रति मिलिवॅट (एका मिलिवॅटला मिळणारा आवाज). 1 व्होल्टला 26 मिलिवॅट मिळतात, म्हणजे 14 डीबीची भर, एकूण 113. डोंगल पुरला.

दुसरं: 300 ओहम, 103 डीबी प्रति व्होल्ट. 1 व्होल्टला 103 वरच थांबतो. 110 साठी सव्वादोन व्होल्ट हवेत. करंट फारसा लागत नाही, व्होल्टेज लागतं.

तिसरं: 23 ओहमचा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा), 86 डीबी प्रति मिलिवॅट. 110 साठी सुमारे 250 मिलिवॅट, म्हणजे 2.4 व्होल्ट आणि 100 मिलिअँपियरच्या वर. इथे डोंगल हात टेकतो. खर्ज पोकळ वाटतो आणि माणूस दोष हेडफोनला देतो. असा जोड घेणार असाल, तर हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्पचे 15-25 हजार त्याच्या किमतीतच धरा.

ओहम कमी म्हणजे वाजवायला सोपा, हा गैरसमज या तिसऱ्या उदाहरणाने मोडतो. पत्रकावर ‘डीबी प्रति मिलिवॅट’ आहे की ‘डीबी प्रति व्होल्ट’, हे पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नका. आणि अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा रोध) हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा: 32 ओहमच्या जोडाला 4 ओहम किंवा त्याखाली.

6. ऐकायला जाताना

या किमतीचे जोड मांडून ऐकवणारी दुकानं मोठ्या शहरांत असतात. मुंबईला किंवा पुण्याला एक पूर्ण दिवस काढा, आधी फोन करून तेच मॉडेल डेमोला आहे याची खात्री करा, आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त जोड ऐकू नका. कान थकले की तेजतर्रार आवाज चांगला वाटायला लागतो.

दुकानात पहिल्या पाच मिनिटांत गाणं लावायचंच नाही. आधी बसण पाहा. 40 हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा. तळव्यांनी दोन्ही कप हलकेच दाबा. दाबल्यावर खर्ज वाढला, तर कुठून तरी हवा गळते आहे. बंद हेडफोनचा सगळा खर्ज या बसण्यावर उभा असतो. चष्म्याची जाड काडी, कानामागची हाडाची खाच, वेणी, चोपडलेलं तेल, कशानेही फट पडते आणि तोच लाखाचा जोड पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, दोन्ही तपासा. चष्म्यासह खर्ज बराच पडत असेल तर तो जोड तुमच्यासाठी नाही, परीक्षणं काहीही म्हणोत.

मग 20 ते 10,000 हर्ट्झचा सावकाश सरकणारा टोन. आवाज डोक्याच्या मध्यातून हलू नये. मध्येच डावीकडे-उजवीकडे झुकला, तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत. 30 ते 60 हर्ट्झच्या दरम्यान खरखर आली तर लगेच ‘खराब’ म्हणू नका. पुष्कळदा आत गेलेला एखादा केस पडद्याला लागत असतो. पॅड काढून फुंकर न मारता मऊ ब्रशने झाडा आणि परत ऐका. तरी राहिली तर तो नग नाकारा.

आता गाणी. जी पाठ आहेत तीच न्या, दुकानाची चकचकीत डेमो गाणी नकोत.

ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात गायक तोंड उघडण्याआधीचं अर्धं मिनिट फक्त तानपुऱ्याचं असतं. ते दहादा ऐका. जवारी (घोडीवर तार टेकण्याची जुळणी) चांगली लागलेली असेल तर प्रत्येक तारेतून वरच्या स्वरांची एक झुळूक उठते आणि विरत जाते. चांगल्या हेडफोनवर ती सलग विरते. घुमणाऱ्या कपात त्यातला एकच उपस्वर पितळेसारखा चमकून पुढे येतो, प्रत्येक फेरीला, त्याच जागी. एकदा लक्षात आला की नंतर तो तुमचा पिच्छा सोडत नाही.

मग ‘आ’कारात सावकाश चढणारे सात स्वर. कपाचा घुमारा एका ठरावीक कंपनसंख्येवर बसलेला असतो, गायकाचा गळा मात्र सरकत असतो. म्हणून घुमारा असेल तर सात स्वरांपैकी एक उगीच जाड होतो आणि पुढचा लगेच बारीक. हे कुठल्याही आलेखापेक्षा पटकन कळतं.

डग्ग्याची मींड ऐका. हात दाबत नेला की स्वर वर चढतो, तो चढ सलग ऐकू यावा, मध्ये खड्डा नको. अनेक बंद हेडफोनांत 150 ते 300 हर्ट्झच्या आसपास असा खड्डा असतो, त्यामुळे डग्गा ‘धप्प’ होतो आणि पुरुषाचा गळा पातळ. डबलबारीच्या भजनातली झांज लावा. प्रत्येक आघात वेगळा यावा, त्याची चिरकी चादर होऊ नये. शेवटी साधं निवेदन, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. माणूस माठात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, तर बाकी सगळं विसरा.

जुन्या नाट्यपदांच्या 78 आरपीएम ध्वनिमुद्रिका हा ज्यांचा मुख्य आनंद आहे, त्यांनी इथे थांबून विचार करावा. त्या मोनो आहेत, वरच्या पट्टीत त्यांत फारसं काही नाही, आणि सुईची खरखर आहे. अतिशय तपशिलात वाजणारा हेडफोन ती खरखरही तितक्याच निष्ठेने दाखवतो. अशा संग्रहाला मऊ, मध्यसप्तकात भरलेला जोड शोभतो, आणि तो लाखाचा असायची गरज नाही.

प्रत्येक जोड किमान 45 मिनिटं डोक्यावर ठेवा. 435 ग्रॅम वजन दहा मिनिटांत कळत नाही, चाळिसाव्या मिनिटाला टाळूवर कळतं. दुकानातल्या एसीत कान गार राहतात. तुमच्या घरी मे महिन्यात चामड्याच्या बंद पॅडखाली वीस मिनिटांत घाम येणार, हे मनात धरा.

7. आवाज समान करा, मगच तुलना

दोन जोडांतला जो किंचित जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. एका डीबीचा फरकसुद्धा फसवतो. म्हणून पुठ्ठ्याच्या मधोमध फोनच्या माइकएवढं भोक पाडा. फोनचा माइक मागून भोकाला लावा, पुढून हेडफोनचा एक कप सपाट टेकवा, चारी बाजूंनी नीट बसू द्या. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला धबधब्यासारखा आवाज) वाजवा आणि अ‍ॅपमधला आकडा पाहा. दुसऱ्या जोडाला तेच करा, दोन्ही आकडे एका डीबीच्या आत येईपर्यंत आवाज वरखाली करा. त्या दोन पातळ्या वहीत लिहून ठेवा. आकडा खरा किती हे महत्त्वाचं नाही, दोन्हीकडे तोच असणं महत्त्वाचं.

डोळे मिटून तुलना करून फारसा उपयोग नाही. वजन आणि पॅडच्या स्पर्शावरून जोड ओळखू येतो.

8. खारी हवा, पाऊस आणि वीज

दुकानदार हे सांगत नाही आणि परदेशातली परीक्षणं लिहिणाऱ्यांना ते माहीतही नसतं.

पहिला बळी पॅडचा. कृत्रिम चामडं म्हणजे बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेतलं पाणी आणि घाम मिळून तो थर रासायनिकरीत्या तोडतात. आधी तो चिकट होतो, मग त्याचे काळे पापुद्रे कानाला लागतात. न वापरता कपाटात ठेवला तरी हे चालूच राहतं. खरं चामडं सोलत नाही, पण आषाढ-श्रावणात त्यावर पांढरी बुरशी धरते, कोपऱ्यातल्या चपलेवर धरते तशीच. मखमली कापडाचे पॅड टिकतात, पण चामड्याच्या जागी ते लावले की हवा गळते आणि खर्ज बदलतो. बंद हेडफोनमध्ये पॅड हा आवाजाचाच भाग असतो. म्हणून बाजारू पॅड नकोत, त्या मॉडेलचेच घ्या. आणि त्यांची किंमत खरेदीच्या *आधी* विचारा.

लाकडी कप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, पावसात दार फुगून चौकटीत अडकतं तेच लाकूड इथेही आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना लाख चढवतात ती नुसत्या रंगासाठी नव्हे. कपाचा बाहेरचा भाग पॉलिशने बंद असतो, आतला आणि स्क्रूच्या भोकांचा भाग नसेलही. स्क्रू सैल वाटला तर पावसाळ्यात आवळू नका, थंडीत लाकूड आकसल्यावर तपासा.

ड्रायव्हरमध्ये जबरदस्त चुंबक असतो. आपल्या किनाऱ्यांवर, विशेषतः रत्नागिरीच्या पट्ट्यात, काळी वाळू आहे आणि तिच्यातले मॅग्नेटाइटचे कण चुंबकाला चिकटतात. एकदा कण जाळीतून आत गेला की निघत नाही आणि खरखर कायमची. पुळणीवर नेलेल्या पिशवीत हेडफोन ठेवू नका, ती पिशवी झटकलेली असली तरीही.

ठेवण्याची रीत अशी. वापर झाला की कोरड्या सुती फडक्याने पॅड पुसा आणि पंख्याखाली अर्धा तास उघडेच ठेवा. ओला पॅड डब्यात कोंडला तर बुरशी तुम्हीच पाळली. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह ठेवा. आकडा 45 ते 55 टक्क्यांत असावा. 35 च्या खाली चामडं कडक होतं. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं, मात्र जेवणाच्या भांड्यात नको. डांबराच्या गोळ्या डब्यात अजिबात टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट घरात असेल तर प्रश्नच मिटला.

खाऱ्या हवेने पिनेवर न दिसणारा थर बसतो, मग एका कानात आवाज येतो-जातो. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसा, कोरडी होऊ द्या, सॉकेटमध्ये चार-पाच वेळा फिरवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

विजेवर चालणारा अ‍ॅम्प घेणार असाल तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग चांगलं लागत नाही, उन्हाळ्यात तर आणखी बिघडतं, आणि हेडफोनमध्ये ‘हूं’ असा आवाज येतो. बॅटरीवर चालणारा, डिजिटल गाणं हेडफोनपर्यंत पोचवणारा डॅक-अ‍ॅम्प घेतला तर ही कटकट नाही. मेअखेरच्या वळिवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

9. तासाचा भाव काढा

आकडे तुमचे घाला, रीत ही. समजा जोड 2,50,000 चा. अ‍ॅम्प 20,000. आठ वर्षांत दोनदा पॅड, 24,000. एक केबल 8,000. एकूण 3,02,000. शेवटी 90,000 ला विकला, तर खर्च 2,12,000. वर्षाला 600 तास धरले तर आठ वर्षांत 4,800 तास. तासाला 44 रुपये.

साधा जोड 15,000, तीनदा पॅड 9,000, डोंगल 1,000. एकूण 25,000, तासाला साधारण 5 रुपये.

आता प्रश्न सरळ होतो: त्या तासात तुम्हाला 39 रुपयांचा जास्तीचा आनंद मिळतो का? रोज दोन तास ऐकणारा प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणू शकतो. आठवड्यातून एकदाच दोन तास ऐकणाऱ्याचा भाव तासाला अडीचशेच्या घरात जातो. पुनर्विक्रीचा आकडा मात्र शून्य धरूनही एकदा हिशोब करा. बुरशीचा डाग पडलेला जोड कुणी घेत नाही.

हिशोबात न येणारी एक गोष्ट आहे आणि ती खरी किमती आहे. पॅड नीट बसला की बाहेरचा गोंगाट दबतो आणि आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटना 80 डीबीला आठवड्याला 40 तास सुरक्षित मानते, 90 डीबीला फक्त 4. पण हे काम नीट बसणारा 15 हजारांचा जोडही करतो.

10. घेताना

परदेशातून कुणी आणून देणार असेल तर किंमत कमी दिसते, पण कस्टम आणि इथे न चालणारी वॉरंटी, दोन्ही विचारात घ्या. वॉरंटी देणारा भारतातला अधिकृत आयातदार असलेला जोडच शहाणपणाचा, कारण ड्रायव्हर गेला तर तो बाहेरूनच यायचा असतो.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर हे लिहा आणि उत्तर लेखी घ्या: ‘या मॉडेलचे मूळ पॅड तुमच्याकडे आहेत का, जोडीची किंमत किती? वॉरंटीत ओलाव्याने झालेला बिघाड धरता का? ड्रायव्हर बदलायला किती आठवडे लागतात? माझ्या पिनकोडवरून परतीचं पार्सल तुम्ही उचलता का, की मला पाठवावं लागेल? उघडून ऐकलेला जोड किती दिवसांत परत घेता?’ शेवटच्या दोन प्रश्नांवर बरेच जण गप्प होतात. बऱ्याच गावांत कुरिअर परतीचं पार्सल उचलायला येत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

जपून ठेवायची कागदपत्रं:

- जीएसटीचं बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर. थर्मल कागदाचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, दमट हवेत ते कोरं होतं.
- वॉरंटी कार्ड, विक्रेत्याच्या शिक्क्यासह.
- पार्सलचं लेबल दिसेल असा, सील फोडण्यापासून दोन्ही कान वाजेपर्यंतचा सलग व्हिडिओ.
- वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरं.

विक्रेता शब्द फिरवू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हीच चार कागदं उपयोगी पडतात.

भर पावसात मागवू नका. ट्रकमध्ये आणि गोदामात भिजलेलं खोकं बाहेरून कोरडं दिसतं. दिवाळीनंतर मागवा.

11. परतीची मुदत संपेपर्यंत

आल्या दिवशी सहाव्या पायरीतले सगळे टोन परत लावा, डेमोचा नग वेगळा होता आणि हा वेगळा आहे. मग पाच दिवस फक्त नवा जोड वापरा. सहाव्या दिवशी तो डब्यात ठेवा आणि तीन दिवस जुन्या साध्या जोडावर, वहीतल्या जुळवलेल्या पातळीवर, तीच गाणी ऐका. कान नव्या आवाजाला पटकन सरावतात, म्हणून फरक कळतो तो नवा मिळाल्यावर नाही, काढून घेतल्यावर. पहिल्याच संध्याकाळी तानपुऱ्यापाशी अडखळलात, हात आपोआप डब्याकडे गेला, तर जोड ठेवा. तीन दिवस गेले आणि आठवणही झाली नाही, तर मुदतीच्या दोन दिवस आधी परत पाठवा. त्यासाठी खोकं, आतला फोम आणि केबलच्या पट्ट्यासुद्धा फेकू नका. खोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवा, कौलाखाली गळती नसलेल्या बाजूला.